दम कोठे गेला?

गेल्या हिवाळ्यातील क्रीडासप्ताहात आठवी आणि नववी या वर्गांचा कबड्डीचा अंतिम सामना चालला होता. मैदानाच्या कडेस एक टेबल मांडलेले, त्यावर ध्वनिवर्धक, आणि त्यापुढे बसून दहावीतील एक हुशार विद्यार्थी सामन्याचे धावते वर्णन करीत होता. आवाज खणखणीत, वाणी अशी की अडखळणे ठाऊकच नाही. “नववीचा रेडर डू ऑर डाय रेडसाठी येतो आहे... लेफ्ट कॉर्नरने अँकल होल्ड केला... सुपर टॅकल! आठवीची टीम ऑल आउटमधून वाचली!” मुले टाळ्या पिटत होती. पंचाची शिट्टी आमच्या गळ्यात होती, आणि खोटे कशास सांगावे, त्या मुलाचे बोलणे ऐकून आम्ही मनोमन सुखावलो होतो. आपल्या संतपूरचा मुलगा दूरचित्रवाणीवरील समालोचकांच्या तोडीचे बोलतो, याचा अभिमान कोणत्या शिक्षकास वाटणार नाही?

मैदानालगतच्या लिंबाखाली काही वडीलधारी मंडळी बसली होती. त्यांत आठवीतील एका खेळाडूचे आजोबा होते. तरुणपणी त्यांनी हुतुतूत पंचक्रोशी गाजवली होती, असे गावात आजही सांगतात. मध्यंतरात पाणी पिण्यासाठी आम्ही त्या सावलीत गेलो, तेव्हा त्यांनी आम्हांस जवळ बोलावले आणि विचारले, “गुरुजी, पोरगं तिकडं जाऊन हात लावून आलं, समदं खरं. पर त्याचा दम कुठं गेला?”

प्रश्न ऐकून आम्ही चपापलो. उत्तरार्धात लक्ष देऊन पाहिले, आणि खरोखरच, चढाईस जाणारी मुले ओठ मिटून जात होती. कोणी मध्यरेषेवर एकदा ‘कबड्डी’ म्हणे आणि पुढे गप्प होई. कोणी तेवढेही करीत नसे. एका दमात, मोठ्याने, न थांबता ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावयाचे आणि तो दम सुटण्यापूर्वी परत यावयाचे, हा तर या खेळाचा प्राण! तो पूर्वार्धभर मैदानात नव्हता. आणि पंच म्हणून तेथे उभ्या असलेल्या आमच्या ते ध्यानीही आले नव्हते.

सामना संपल्यावर आम्ही मुलांना एकत्र बसवून विचारले. एकाने अगदी निर्मळ मनाने सांगितले, “सर, टीव्हीवर तर तीस सेकंदांचं घड्याळ असतं ना? ते संपायच्या आत परत यायचं.” दम घालावा लागतो हे त्यास कोणी सांगितले नव्हते काय? सांगितले होते, पाचवीत असताना. परंतु त्यानंतर त्याने जेवढे म्हणून सामने पडद्यावर पाहिले, त्यांत ‘दम’ हा शब्द त्याच्या कानी पडला नव्हता. घड्याळ दिसत होते, गुण दिसत होते, गाणी वाजत होती; खेळाडू दम घालीत होते तो त्या गजरात ऐकू येत नव्हता, आणि समालोचक त्याचे नाव काढीत नव्हते. शब्द गेला, त्याच्या मागोमाग नियमही हळूच निघून गेला.

या एका प्रसंगावरून आम्ही जो विचार केला, तो वाचकांपुढे मांडावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

दुसऱ्याच्या घरचा खेळ आपल्या बोलीत सांगू लागले म्हणजे काय घडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण साता समुद्रांपलीकडे आहे. फुटबॉल हा इंग्लंडचा लाडका खेळ. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळाचे नियम लेखी ठरले. अमेरिकेत मात्र ‘फुटबॉल’ हे नाव निराळ्याच एका खेळास मिळाले. तेथे चेंडू बहुधा हातात घेऊन धावतात. म्हणून इंग्लंडच्या खेळास ते ‘सॉकर’ म्हणतात. पुढे इंग्लंडचे सामने अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि तेथील समालोचक आपल्या बेसबॉल-बास्केटबॉलच्या परिभाषेत त्यांचे वर्णन करू लागले, तेव्हा इंग्रज रसिकांनी आणि अमेरिकेतील जाणत्या रसिकांनीही कपाळास हात लावला. इंग्रज मैदानास ‘पिच’ म्हणतो, अमेरिकन ‘फील्ड’ म्हणतो. इंग्रज शून्यास ‘निल’ म्हणतो, अमेरिकन ‘झिरो’ म्हणतो. इंग्रजाचे ‘बूट’ अमेरिकनाचे ‘क्लीट्स’ होतात.

आता यात बिघडले काय, असे कोणी विचारील. आणि खरोखर, या तीन शब्दांत काहीच बिघडले नाही. मैदानास कोणी काहीही म्हटले तरी गवत तेच आणि चेंडूही तोच. ‘सॉकर’ या नावावरून तर इंग्रजांनी नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही, कारण तो शब्द त्यांचाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना शब्द तोडून त्यांस ‘अर’ची शेपटी लावण्याचा छंद होता. त्यांनी रग्बीचे ‘रगर’ केले आणि ‘असोसिएशन’मधील मधलाच तुकडा उचलून ‘सॉकर’ केले. आपल्याच घरातील शब्द शेजाऱ्याच्या तोंडी ऐकून त्यास हसणे, हे शहाण्यास शोभत नाही.

परंतु काही शब्दांची गोष्ट वेगळी आहे. सामना बरोबरीत सुटला की इंग्रज ‘ड्रॉ’ म्हणतो आणि अमेरिकन ‘टाय’. पण इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ‘टाय’ म्हणजे चषकस्पर्धेतील दोन संघांची गाठ, म्हणजे तो सामनाच! तेव्हा अमेरिकन समालोचकाने ‘टाय’ म्हटले, तर सामना बरोबरीत सुटला की नुसताच ठरला, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? तसेच ‘ओव्हरटाइम’चे. फुटबॉलमध्ये जादा वेळ दोन प्रकारचा असतो. खेळाडू जखमी होणे, बदली होणे यांत वाया गेलेला वेळ पंच प्रत्येक अर्धाच्या शेवटी भरून देतो, तो एक. आणि बाद पद्धतीच्या सामन्यात निकाल लागला नाही तर पुढे तीस मिनिटे खेळवतात, तो दुसरा. या दोहोंस इंग्रजीत दोन नावे आहेत. दोन्ही एकाच ‘ओव्हरटाइम’मध्ये कोंबली, की ऐकणाऱ्याच्या मनातून खेळातील एक भेदच पुसला जातो.

हा प्रकार शब्दांपाशी थांबत नाही. अमेरिकेत १९९६ साली मेजर लीग सॉकर ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. तिच्या चालकांना वाटले, आपल्या लोकांना बरोबरी रुचत नाही आणि घड्याळ उलटे चाललेले आवडते. म्हणून त्यांनी घड्याळ पंचाच्या मनगटावरून काढून फलकावर टांगले, ते शून्याकडे उलटे चालवले, आणि बरोबरी झाली की विशेष फटक्यांची स्पर्धा लावून निकाल काढू लागले. १९९९ च्या हंगामानंतर हे दोन्ही प्रकार त्यांनी स्वतःच सोडून दिले. जे लोक त्या खेळावर मनापासून प्रेम करीत होते, त्यांना तो खेळ जसा आहे तसाच हवा होता. २०१३ साली एनबीसी या वाहिनीने इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने दाखवण्यास घेतले, तेव्हा तिने मुख्य समालोचक म्हणून आर्लो व्हाइट या इंग्रज गृहस्थांची योजना केली. अमेरिकन प्रेक्षकांनी ती मान्य केली आणि ‘पिच’, ‘निल’, ‘ड्रॉ’ हे शब्द ते ऐकता ऐकता शिकले. प्रेक्षक मंदबुद्धी असतो असे समजून त्याच्यासाठी सारे वळण सोपे करावयास जाणारे बहुधा प्रेक्षकासच ओळखत नसतात.

आता आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही आधीच आमच्यावर घेतो. ‘गुरुजी, अमेरिकनांनी फुटबॉलचे जे केले, तेच आपण मराठी लोकांनी क्रिकेटचे केले नाही काय?’ केले, आणि फार सुंदर केले! बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते वर्णन केले, तेव्हा इंग्रजी न येणाऱ्या हजारो घरांत तो खेळ पहिल्यांदा समजला. ते स्वतः क्रिकेट खेळलेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावयाची. आज आपण सहज बोलतो ते शब्दच पाहा. ‘गोलंदाज’ हा शब्द मुळात तोफखान्यातला. तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. तोच पुढे चेंडू टाकणारा झाला, आणि त्याच्याच वळणावर फळी चालवणारा ‘फलंदाज’ जन्मास आला. ‘पायचीत’ आणि ‘त्रिफळाचीत’ यांतील ‘चीत’ तर तालमीतून उचललेला. इंग्रजीतील तीन आद्याक्षरांचे नाव ऐकून गडी कसा बाद झाला ते कळत नाही. ‘पायचीत’ म्हटले की खेड्यातील आजीलाही कळते की पाय आडवा आला आणि गडी गेला.

प्रत्येक शब्द निर्दोष होता असे नव्हे. ‘षटक’ म्हणजे सहांचा समूह. परंतु ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंचे षटक टाकीत असत, आणि आठांच्या षटकाचे वर्णन करताना मराठी माणसास मनात हसू आले असेल. पण एकंदरीत पाहता या शब्दांनी ऐकणाऱ्यास खेळाच्या जवळ नेले. तोफखाना, तालीम, आखाडा या आपल्या ओळखीच्या जागा. तेथून हात धरून त्यांनी आपणांस अनोळखी मैदानावर नेले.

आमची मातृभाषा कोंकणी, बालपण गोव्यातले. तेथे पावसाळा सरला की गावोगावच्या मैदानांवर फुटबॉलचे सामने होत आणि ध्वनिवर्धकासमोर बसलेला गृहस्थ कोंकणीतून वर्णन करी. पेनल्टी, कॉर्नर, ऑफसाइड हे शब्द तो आहेत तसेच ठेवी, कारण त्या खेळाच्या घरची ती नावे होती. पण चेंडू कसा आला, बचावपटू कसा फसला, गोलरक्षक कोठे झोपी गेला, हे सारे अस्सल कोंकणीत, शेजाऱ्यांच्या टोपणनावांसह! म्हणजे मराठी समालोचकाने शब्द बदलले आणि कोंकणी समालोचकाने ठेवले. दोघांची रीत निराळी, पण दोघांनीही ऐकणाऱ्यास खेळाच्या जवळच नेले. तात्पर्य, शब्द देशी की परका, ही खरी कसोटी नव्हे. त्या शब्दाने खेळ अधिक कळला की कमी कळला, ही खरी कसोटी.

या कसोटीवर आता आपल्या कबड्डीचे धावते वर्णन घासून पाहू.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की ‘कबड्डी’ हे नावही सर्वांचे मूळचे नव्हे. महाराष्ट्रात ‘हुतुतू’ म्हणत, बंगालमध्ये ‘हाडुडु’, आंध्रात ‘चेडुगुडु’, तमिळनाडूत ‘सडुगुडु’. निरनिराळ्या प्रांतांतील खेळाडू एका मैदानावर यावयाचे तर एक नाव आणि एक नियम हवा, म्हणून आपण ‘कबड्डी’ हे नाव आनंदाने घेतले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आयुष्य वेचून हा खेळ देशभर नेला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यास पदकाचा मान मिळाला. या साऱ्या प्रवासात नाव बदलले, अंगणाची मापे ठरली, पण खेळाचे अंतरंग सांभाळले गेले. इंग्रजीत नियमावली लिहिली गेली तेव्हा ‘लोण’ या शब्दास प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. इंग्रजी नियमपुस्तकात आजही तो ‘लोणा’ म्हणून विराजमान आहे!

आणि गंमत अशी, की इंग्रजी नियमपुस्तकाने सांभाळलेला हा शब्द २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगच्या पडद्यावरून लुप्त झाला. तेथे त्यास ‘ऑल आउट’ म्हणतात. शब्द सोपा आहे खरा; पण तो आला क्रिकेटमधून, आणि येताना क्रिकेटचा अर्थ बरोबर घेऊन आला. क्रिकेटमध्ये संघ ‘ऑल आउट’ झाला की डाव संपला. कबड्डीत लोण चढला की काय होते? प्रतिपक्षास दोन अधिक गुण मिळतात, आणि बाद झालेले सातही गडी पुन्हा उठून मैदानात येतात! जेथे सारे संपले असे वाटते, तेथूनच सारे नव्याने सुरू होते. बाद गडी पुन्हा जिवंत होण्याच्या प्रकारास आपल्या पूर्वजांनी ‘संजीवनी’ असे नाव दिले होते. केवढी कल्पना त्या एका शब्दात आहे! ‘लोण’ हा शब्द तर आट्यापाट्यांतही आहे, आणि ‘अमुक गोष्टीचे लोण गावोगाव पोचले’ असे आपण नित्य बोलतो. असा घरात, शेतात आणि मैदानात वावरणारा शब्द टाकून ‘ऑल आउट’ म्हणणे, आणि बरोबरीस ‘टाय’ म्हणणे, यांत आम्हांस काडीचाही फरक दिसत नाही.

‘दम’ची हानी तर याहून मोठी. दूरचित्रवाणीस डोळ्यांना दिसेल असे काहीतरी हवे असते. श्वास दिसत नाही, घड्याळ दिसते. तीस सेकंदांच्या मर्यादेमुळे खेळास वेग आला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु घड्याळाने दमास सेवानिवृत्त केलेले नाही. नियमात तो आजही आहे, आणि दम न घालता शिरलेल्या गड्याची चढाई पंचाने वाया धरावी, असा नियमच आहे. समालोचकाने प्रत्येक चढाईस केवळ ‘दम टिकून आहे’ एवढे दोन-तीन शब्द उच्चारले असते, तर संतपूरची मुले ओठ मिटून प्रतिपक्षाच्या अंगणात शिरली नसती.

‘रेड’ आणि ‘टॅकल’ यांविषयी आम्ही वाद घालणार नाही. ‘चढाई’ म्हटले की गड, तटबंदी, निशाण डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ‘रेड’ म्हटले की आयकर खात्याची माणसे. एवढाच आमचा विनोदी आक्षेप! आमच्या कन्नड बांधवांच्या वृत्तपत्रांत ‘दाळि’ असा शब्द येतो. त्याचाही अर्थ हल्ला, चढाई असाच. ‘सुपर टॅकल’ हा तर नियमच नवा. अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता त्यांनी चढाई करणाऱ्यास पकडले तर एक गुण जादा, असा तो नियम. नव्या नियमास नवे नाव लागणारच, आणि ज्याने नियम केला त्याने नाव ठेवावे, हेही रास्तच. आमचा आक्षेप नव्या नावांस नाही. जुने आणि नेमके नाव असताना त्याच्या जागी कमी अर्थाचे नाव बसवण्यास आहे.

कोणी म्हणेल, या लीगमुळे खेड्यापाड्यांतील खेळाडूंना नाव मिळाले, पैसा मिळाला, नोकऱ्या मिळाल्या. त्यापुढे चार शब्दांचे काय मोठेसे? हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. शेतमजुराचा मुलगा खेळाच्या बळावर घर बांधतो, ही आमच्याही आनंदाची गोष्ट आहे. पण खेळाडूचे भले आणि शब्दांचे जतन या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. ज्यूदोचेच उदाहरण घ्या. जगात कोठेही सामना असो, पंच ‘हाजिमे’ म्हणून सुरुवात करतो आणि निर्णायक फेकीस ‘इप्पोन’ म्हणतो. जपानी न येणाऱ्या देशांचे खेळाडू आणि प्रेक्षक हे शब्द शिकले. त्यामुळे ज्यूदो लहान झाला नाही. ऑलिंपिकमध्ये तो मानाने खेळला जातो.

आणि आपल्या कबड्डीचेही तसेच आहे. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारतास हरवून सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. पराभवाचे दुःख आम्हांसही झाले. परंतु मनात एक विचार आला. फारसी बोलणाऱ्या त्या मुली एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणावयास शिकल्या, आणि येथे हुतुतू खेळलेल्या आजोबांची नातवंडे मात्र ते विसरू लागली. बाहेरचा मनुष्य आदराने आपल्या घरची नावे शिकतो, आणि घरातला मुलगा ती टाकून देतो, तर दोष कोणास द्यावा?

म्हणून दूरच्या समालोचकांस नावे ठेवून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. त्यांचा प्रेक्षक देशभर पसरलेला. त्यांची ओढाताण आम्ही समजू शकतो. पण आमच्या मैदानावरील ध्वनिवर्धक आमचा होता, मुलगा आमचा होता, आणि ऐकणारी माणसे आमची होती. त्या ध्वनिवर्धकावरून जे बोलले गेले, ते लिंबाखालच्या मंडळींस कळले नाही, याचा दोष दूरचित्रवाणीचा नव्हे, आमचा आहे.

त्या दिवशी निरोप घेताना ते आजोबा आणखी एक वाक्य बोलले, ते आमच्या मनातून जात नाही. “गुरुजी, कचेरीतलं कळंना, ब्यांकेतलं कळंना. खेळ तेवढा कळत हुता, त्यो बी आता कळंना.” बीदर आणि कलबुर्गीच्या या सीमाभागातील माणसाने कचेरीच्या भाषा बदलताना पाहिल्या आहेत. निजामाच्या राज्यात उर्दू होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कन्नड आली. ज्या राज्यात राहावयाचे त्याची भाषा शिकावी, हे आम्ही मुलांना रोज सांगतो, आणि कन्नड ही गोड भाषा आहे, हेही सांगतो. पण कचेरी ही कामापुरती जाण्याची जागा. खेळाचे अंगण तसे नाही. तेथे म्हाताऱ्या माणसास नातवाशी बोलावयास चार शब्द असतात. ‘कोपरा सोडू नकोस’, ‘निदानरेषा पार कर’, ‘दम राख’, ‘घाई करू नकोस, पकड येऊ दे.’ हे चार शब्द काढून घेतले तर आजोबा लिंबाखाली बसून राहतात आणि नातू मैदानात एकटा पडतो. साठ वर्षांचा अनुभव दोन हातांवर बसलेला असून उपयोगास येत नाही. शब्दांच्या जाण्याने होणारी खरी हानी ही आहे.

विद्यार्थीमित्रहो, नुसता खेद करून लेख संपवणे आम्हांस आवडत नाही. पुढील क्रीडासप्ताहासाठी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली ही, की जो विद्यार्थी धावते वर्णन करणार असेल, त्याने आधी आठवडाभर गावातील जुन्या खेळाडूंकडे जाऊन बसावे आणि त्यांच्या तोंडचे शब्द वहीत उतरून घ्यावेत. दुसरी ही, की वर्णन मराठीत व्हावे, आणि कन्नड शेजारी पाहावयास येतात त्यांच्यासाठी गुण व निकाल कन्नडमध्येही सांगावेत. आपल्या वर्गात दोन्ही भाषा उत्तम बोलणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. टीव्हीवरचे शब्द वापरण्यास मनाई नाही. पण जेथे आपला शब्द अधिक सांगतो, तेथे आपला शब्द आधी यावा. तिसरी गोष्ट पंचांसाठी, म्हणजे आमच्यासाठी. पंचाने चढाई करणाऱ्याच्या जवळ उभे राहून त्याचा दम कानांनी ऐकावा, आणि ऐकू आला नाही तर शिट्टी वाजवावी. मग तो गडी कितीही लाडका असो.

यांतील पहिल्या गोष्टीस आरंभ झालाही आहे. ध्वनिवर्धकावर बोलणारा तो मुलगा दिवाळीच्या सुट्टीत स्वतः होऊन त्या आजोबांकडे गेला. सुट्टीनंतर त्याने आम्हांस वही दाखवली. तीत शब्द होते, त्यांचे अर्थ होते, आणि दोन पानांवर पकडींची चित्रेही होती. शेवटच्या पानावर त्याने एक टीप लिहिली होती: आजोबांनी अंगणात उभे राहून दम घालून दाखवला, मी घड्याळात मोजले, बावीस सेकंद टिकला. वय, एक्याऐंशी.

वही परत देताना आम्ही त्यास विचारले, “आणि तुझा किती टिकला?”

तो खाली पाहून हसला आणि म्हणाला, “सर, पुढच्या क्रीडासप्ताहापर्यंत थांबा.”